निवडणूक आली की ऐक्य का मोडते?
(रिपब्लिकन चळवळीच्या इतिहासातून एक अभ्यास)



आपल्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण, महापुरुषांची चरित्रे या विषयांवर दरवर्षी लेख येतात. राजकारणाचा विषय मात्र आपण शक्यतो टाळतो. तो निघाला की विहारात बसलेल्या पन्नास माणसांत दोन बाजू पडतात, असा आपला अनुभव आहे. परंतु ज्या विषयाने माणसांत दोन बाजू पडतात, तो शांतपणे बसून अभ्यासण्याची गरज सर्वांत जास्त असते. म्हणून हा प्रयत्न. प्रस्तुत लेखक कोणत्याही गटाचा सभासद नाही. तो बँकेत लिपिक आहे आणि जमाखर्च मांडण्याची सवय त्याला आहे. त्याच सवयीने हा हिशेब मांडला आहे.

१९९८ च्या फेब्रुवारीत मी अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात होतो. आयुष्यातले पहिले मत मी त्या लोकसभा निवडणुकीत दिले. रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई उभे होते. आमच्या मोहल्ल्यात त्या महिन्यात जे वातावरण होते ते मी पुन्हा कधी पाहिले नाही. एरवी एकमेकांच्या ओट्यावर न बसणारे कार्यकर्ते एकाच सायकलवर डबलसीट फिरत होते. मतमोजणीच्या रात्री म्हातारी माणसेही झोपली नाहीत. गवईसाहेब निवडून आले. महाराष्ट्रातून आपले एकूण चार खासदार लोकसभेत गेले. दीड वर्ष झाले आणि १९९९ च्या निवडणुकीत तेच कार्यकर्ते वेगवेगळ्या जीपमधून फिरताना दिसले. असे का झाले, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

पक्ष कसा जन्मला

विद्यार्थ्यांसाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत या पक्षाने १७ जागा लढवून १४ जिंकल्या. १९४२ साली नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत फेडरेशनला लोकसभेत केवळ दोन जागा मिळाल्या आणि खुद्द घटनेचे शिल्पकार मुंबईत पराभूत झाले. एका समाजाच्या बळावर राजकारण पुढे जात नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. सर्व शोषितांना सामावून घेणारा रिपब्लिकन पक्ष काढावा, असा त्यांचा संकल्प होता. राजकारणात येणाऱ्या तरुणांना शिक्षण मिळावे म्हणून १९५६ साली त्यांनी मुंबईत प्रशिक्षण विद्यालयही सुरू केले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. पक्ष स्थापन झाला तो ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, नागपूर येथे. एन. शिवराज हे पहिले अध्यक्ष झाले.

ज्याच्या एका शब्दावर सर्व मतभेद मिटत होते तो पुरुष पक्षाच्या जन्माआधीच निघून गेला होता. त्यामुळे मतभेद मिटवण्याची व्यवस्था पक्षाला नव्याने घडवावी लागणार होती. ती घडली नाही. माझ्या मते पुढील सर्व फुटींचे मूळ येथे आहे.

फुटींचा क्रम

सुरुवात वाईट नव्हती. १९५७ च्या प्रारंभी झालेल्या लोकसभा निवडणुकीत फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर लढले होते. नाशिकहून कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावहून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. पुढे दोनच वर्षांत, १९५९ च्या सुमारास, हे दोघे दोन गटांचे नेते झाले. कांबळे यांचा गट ‘दुरुस्त’ म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि मग गायकवाडांच्या गटाला ‘नादुरुस्त’ हे नाव आपोआपच चिकटले. एका बाजूला वकील आणि पदवीधर तरुण होते. घटनात्मक मार्ग सोडू नये आणि कम्युनिस्टांच्या संगतीला जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला गायकवाडांसारखा खेड्यापाड्यांत पाय रोवलेला नेता होता. भूमिहीनांचा प्रश्न रस्त्यावर येऊनच सुटेल, असे त्यांचे मत. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेला देशव्यापी सत्याग्रह त्यांनीच उभा केला. या दुसऱ्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली.

आज मागे वळून पाहिले तर दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. कायदा जाणणारी माणसे आणि माती जाणणारी माणसे एकाच पक्षाला हवी असतात. पण या वादाचा निवाडा कोणी, कुठे आणि कोणत्या नियमाने करायचा, हे ठरलेले नव्हते. म्हणून मतभेदाचे रूपांतर फुटीत झाले.

त्यानंतर ही वाट मळलेलीच झाली. १९७० च्या सुमारास बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचा वेगळा गट झाला. १९७१ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाड गेले. गटबाजीला कंटाळलेल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर काढली आणि तिच्या रूपाने नवी आशा निर्माण झाली. पण १९७४ साली पँथरही फुटली आणि १९७७ मध्ये तिच्या संस्थापकांपैकी काहींनी ती बरखास्त केल्याचे जाहीर केले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी मात्र सर्व गटांचे कार्यकर्ते लढले, लाठ्या खाल्ल्या, घरे जळलेली पाहिली. ठराव १९७८ चा आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. सोळा वर्षे लोक एका मागणीवर टिकून राहिले. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. लढ्यात आपला समाज फुटत नाही. तो फुटतो तिकिटांच्या वाटपात.

आणि हा आजार फक्त आपलाच नाही. समाजवादी १९५५ मध्ये फुटले आणि पुढे कितीदा फुटले नि जुळले याची मोजदाद अवघड आहे. कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये दुभंगला. १९७७ साली सत्तेवर आलेला जनता पक्ष १९७९ मध्ये मोडला. मोठे पक्षही फुटतात. १९६९ आणि १९९९ मध्ये काँग्रेस फुटली, २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. पण मोठ्या पक्षाचा तुकडासुद्धा सत्तेत बसू शकतो. लहान पक्षाचा तुकडा कुणाच्या तरी मंडपाच्या दारात उभा राहतो. फरक आहे तो इथे.

१९९६ आणि १९९८ : दोन निकाल, दोन धडे

१९९० च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर लोकांच्या दबावाने ऐक्य झाले आणि उमेदवाऱ्यांच्या प्रश्नावर लगेच विस्कटले. १९९५ च्या अखेरीस पुन्हा ऐक्य झाले. या वेळी एका अध्यक्षाऐवजी नेत्यांचे अध्यक्षीय मंडळ करण्यात आले. त्यानंतर आलेल्या १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी भाजपला १८, शिवसेनेला १५ आणि काँग्रेसला १५ मिळाल्या. आपल्या वाट्याला एकही आली नाही. पहिला धडा हा, की नुसत्या ऐक्याने जागा मिळत नाही. ऐक्याला योग्य मित्राची जोड लागते.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्यांवर झालेल्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या दुःखाने समाज एकवटला. १९९८ च्या फेब्रुवारीत रिपब्लिकन पक्ष, काँग्रेस आणि समाजवादी पक्ष यांची आघाडी झाली. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले निवडून आले. हे चारही मतदारसंघ सर्वसाधारण होते, राखीव नव्हते, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. म्हणजे इतर समाजांनीही आपल्या उमेदवारांना मते दिली. १९५७ च्या पक्षसंकल्पाचा तोच तर गाभा होता. आणि मित्रपक्षाचाही फायदा झाला. १९९६ ला १५ जागा मिळवणारी काँग्रेस ३३ वर गेली. आपले मत एका जागी पडले तर त्याचे वजन किती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता?

पुढे १७ एप्रिल १९९९ रोजी केंद्रातील सरकार अवघ्या एका मताने पडले. २६९ विरुद्ध २७०. ज्या सभागृहात एका मताला एवढी किंमत होती, तेथे आपली चार मते होती. पण त्याच उन्हाळ्यात काँग्रेसमधून राष्ट्रवादी काँग्रेस वेगळी झाली आणि त्यांच्या भांडणात आपलेही घर वाटले गेले. कुणी इकडे, कुणी तिकडे. १९९९ च्या निवडणुकीत प्रकाश आंबेडकर अकोल्यातून आणि आठवले पंढरपूरच्या राखीव मतदारसंघातून विजयी झाले, पण अमरावती शिवसेनेकडे आणि चिमूर भाजपकडे गेले. दुसरा धडा हा, की दुसऱ्याच्या आधारावर बांधलेले ऐक्य त्या दुसऱ्याच्या घरी भिंत पडली की आपल्याही घरी कोसळते.

त्यानंतरचा प्रवास वाचकांना परिचित आहे. २००९ च्या विधानसभेपूर्वी बरेच गट डाव्यांसह ‘रिडालोस’ या नावाखाली एकत्र आले. निवडणूक झाली आणि ती आघाडी विरून गेली. २०११ मध्ये आठवले यांचा गट शिवसेना-भाजपबरोबर गेला. प्रकाश आंबेडकर यांनी २०१८ मध्ये वंचित बहुजन आघाडी उभारली. २०१९ च्या लोकसभेत एमआयएमशी तिची युती होती आणि औरंगाबादची जागा एमआयएमला मिळाली. पण काही महिन्यांनी आलेल्या विधानसभेच्या जागावाटपावरून ही युती तुटली. २०२४ च्या लोकसभेपूर्वी महाविकास आघाडीशी चाललेली बोलणीही जागांवरच फिसकटली. प्रत्येक वेळी माणसे वेगळी होती. मोडण्याची वेळ आणि मोडण्याचे कारण मात्र तेच होते.

मतांचे गणित

आता थोडी आकडेमोड करू. समजा, एका वॉर्डात १०,००० वैध मते आहेत. पहिल्या मोठ्या पक्षाला ४,००० आणि दुसऱ्या मोठ्या पक्षाला ३,६०० मते आहेत. उरलेली २,४०० मते आपली. आपण एकत्र असलो तर दुसऱ्या पक्षाला आपल्याशिवाय निवडून येता येत नाही आणि पहिल्या पक्षाला आपण तिकडे जाऊ नये म्हणून आपली विचारपूस करावी लागते. आपण ताठ मानेने सांगू शकतो, अशा दहा वॉर्डांत मिळून आम्हाला चार जागा पाहिजेत, आणि त्याही निवडून येणाऱ्या पाहिजेत.

आता आपले दोन गट झाले असे समजा. एकाकडे १,३०० मते, दुसऱ्याकडे १,१००. दुसऱ्या मोठ्या पक्षाला फरक भरून काढायला ४०० च्या वर मते हवीत. म्हणजे त्याला दोन्ही गटांची गरजच उरली नाही. कोणताही एक चालतो. मग तो कोणाला घेईल? जो कमी मागेल त्याला. एक गट तीन जागा मागतो, तर दुसरा दोनवर तयार होतो. पहिला घाबरून एका जागेवर येतो, आणि शेवटी एका महामंडळाच्या आश्वासनावर सौदा होतो. लिलावात बोली चढत जाते. येथे ती उतरत जाते. आपली २,४०० मते तेवढीच राहिली, एकही कमी झाले नाही. घसरली ती त्यांची किंमत.

यावरून मोठ्या पक्षांना आपले गट का आवडतात तेही कळेल. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. बाजारात प्रत्येक गिऱ्हाईक स्वस्त माल पाहतोच. प्रश्न असा आहे की, आपण स्वतःला स्वस्त का करतो?

फुटीचा आणखी एक खर्च निशाणीचा आहे. हत्ती ही फेडरेशनची आणि नंतर रिपब्लिकन पक्षाची निशाणी होती. आमची आजी निरक्षर होती, पण हत्ती ओळखायची. आज हत्ती बहुजन समाज पक्षाकडे आहे. निवडणूक आयोगाची मान्यता टिकवायची तर ठराविक टक्के मते किंवा जागा लागतात. तुकड्यांना त्या मिळत नाहीत. मग उरलेल्या चिन्हांतून जे मिळेल ते घ्यावे लागते. २०१९ मध्ये वंचितला लोकसभेला कपबशी होती, तर त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर. दरवेळी नवे चिन्ह घरोघर समजावून सांगण्यात प्रचाराचे दिवस संपतात.

फूट खाली कशी झिरपते

वरचे नेते फुटले तरी मुंबईत आणि दिल्लीत एकमेकांना भेटत असतात, लग्नकार्यात शेजारी बसतात. खालचा कार्यकर्ता मात्र फूट मनाला लावून घेतो. याचे एक घरातलेच उदाहरण देतो.

आमच्या मोहल्ल्यातील विहाराच्या बांधकामासाठी वर्गणी जमा होत होती. बँकेत दोन सह्यांचे खाते होते. एक सही माझ्या मामांची, दुसरी त्यांच्या बालमित्राची. १९९९ च्या निवडणुकीत मामा एका गटात गेले आणि मित्र दुसऱ्या गटात. बोलणे बंद झाले. आंबेडकर जयंतीच्या दोन मिरवणुका निघू लागल्या, दोन बँडपथके आली, पोलीस बंदोबस्तही दुप्पट झाला. खात्यात बावीस हजार आणि काही रुपये होते. काढायला दोघांच्या सह्या लागणार, आणि एकाने सही केलेल्या कागदावर दुसरा सही करीना. दोन वर्षे व्यवहार झाला नाही म्हणून नियमाप्रमाणे खाते निष्क्रिय झाले. विहारावर पत्रे होते ते तसेच राहिले. पावसाळ्यात वंदनेला बसलेल्या बाया सतरंजी गुंडाळून भिंतीकडे सरकायच्या.

पुढे मी नोकरीला लागलो आणि खाते चालू करण्याचा अर्ज घेऊन मीच दोघांकडे गेलो. दोघांनाही समोरासमोर आणणे भाग होते. मामा म्हणाले, “त्याला आधी बोलाव.” मित्र म्हणाले, “त्याला आधी बोलाव.” शेवटी विहारातल्या बायांनी सांगितले की, स्लॅब पडेपर्यंत दोघांपैकी कुणाच्याही मिरवणुकीत आम्ही येणार नाही. त्या आठवड्यात दोघे आले. एकाच बाकावर बसले, सही केली, आणि मामांनी विचारले, “बी.पी.ची गोळी घेतो का बे वेळेवर?” सात वर्षांनंतरचे ते पहिले वाक्य. ज्या नेत्यांसाठी ही सात वर्षे गेली, त्यांपैकी एकालाही या खात्याची वार्ता नव्हती.

वज्जी आणि कोसंबी

त्या बायांनी जे केले तेच अडीच हजार वर्षांपूर्वी कोसंबीच्या उपासकांनी केले होते, हे मला नंतर वाचनात आले. आपल्या धम्मग्रंथांत फुटीच्या विषयावर फार मोलाचे साहित्य आहे आणि ते केवळ भिक्खूंपुरते नाही.

महापरिनिब्बान सुत्ताच्या प्रारंभीच मगधराज अजातशत्रू वज्जींचे गणराज्य जिंकण्याच्या विचारात आहे. तो आपला अमात्य वस्सकार याला भगवंतांकडे पाठवतो. भगवान बुद्ध आनंदांना सात प्रश्न विचारतात. वज्जी वारंवार सभा भरवतात का? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात, एकोप्याने कामे करतात का? ठरलेले नियम मोडत नाहीत ना, मनाला येईल तो नवा नियम करत नाहीत ना? वडीलधाऱ्यांचे ऐकतात का? स्त्रियांवर बळजबरी करत नाहीत ना? आपली चैत्ये आणि आपल्याकडे आलेले अर्हंत यांचा मान राखतात का? सातही गोष्टी वज्जींमध्ये आहेत हे ऐकल्यावर वस्सकार स्वतःच म्हणतो की, मग त्यांना युद्धात जिंकणे शक्य नाही. दोनच मार्ग उरतात. उपलापन आणि मिथुभेद. म्हणजे आमिष आणि आपसांत फूट.

पुढची कथा अट्ठकथेत आहे. मगधातून हाकलून दिल्याचे सोंग करून वस्सकार वैशालीत आला आणि तीन वर्षे तेथे राहिला. तो एखाद्या लिच्छवीला बाजूला घेऊन अगदी फालतू प्रश्न विचारी. लोक शेती करतात ना? नांगराला दोन बैल जुंपतात ना? बाकीचे त्याला विचारीत, काय बोलणे झाले? तो खरे सांगे, पण कुणाचा विश्वास बसत नसे. एवढ्या बड्या माणसाने बाजूला घेऊन बैलांविषयी थोडेच विचारले असेल? अशा रीतीने संशय पसरला. शेवटी धोक्याचा नगारा वाजला तेव्हा कुणी जमले नाही.

वाचकहो, उमेदवारी अर्ज भरण्याच्या आधीचे पंधरा दिवस आठवून पाहा. कोण कुणाच्या बंगल्यावर गेले, बंद दाराआड काय बोलणे झाले, ही चर्चा आपल्या वस्त्यांत कशी पेटते? बहुतेक वेळा आत बैलांविषयीच बोलणे झालेले असते. पण झालेल्या बोलण्याचा वृत्तान्त सभासदांपुढे ठेवण्याची पद्धत नसल्याने संशयाला कामच मिळते.

दुसरी कथा विनयपिटकातील कोसंबीची. शौचालयातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवले, एवढ्या कारणावरून भिक्खूंत दोन तट पडले. भगवंतांनी समजावले तरी ऐकले नाही. तेव्हा ते सर्वांना सोडून पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. कोसंबीच्या उपासकांनी ठरवले की, भांडण मिटवीपर्यंत या भिक्खूंना वंदन नाही आणि भिक्षाही नाही. मग दोन्ही तट श्रावस्तीला जाऊन भगवंतांसमोर उभे राहिले आणि वाद मिटला. शास्त्याच्या उपदेशाने जे झाले नाही ते उपासकांच्या निर्धाराने झाले.

उपाय कोणते

विनयात नुसता उपदेश नाही, कार्यपद्धतीही आहे. वाद मिटत नसेल तर तो निवडक भिक्खूंच्या समितीकडे सोपवावा, तिला उब्बाहिका म्हणतात. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत दोन्ही बाजूंचे चार-चार भिक्खू घेऊन अशीच समिती झाली होती. बहुमताने निर्णय करायचा तर शलाका वाटून मते मोजावीत, आणि शलाका वाटणारा पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या याच संसदीय पद्धतीचा अभिमानाने उल्लेख केला आणि त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेच्या धोक्याचा इशाराही दिला. आपण पद्धत विसरलो आणि पूजा तेवढी ठेवली.

म्हणून माझे नम्र मत असे की, ‘ऐक्य करा’ एवढी घोषणा पुरेशी नाही. ती साठ वर्षे देऊन झाली. निवडणुकीच्या तोंडावर झालेले ऐक्य हे तिकिटांचे ऐक्य असते आणि तिकिटे सर्वांना पुरत नाहीत. ऐक्य करायचे तर ते दोन निवडणुकांच्या मधल्या काळात आणि नियमांवर केले पाहिजे. गट वेगळे राहिले तरी हरकत नाही, पण चार गोष्टींवर लेखी करार असावा. एक, प्रत्येक तालुक्यात सभासदांची खरी नोंदवही असावी आणि तालुका कमिटी त्यांच्या मतदानाने निवडावी. दोन, कुठली जागा कुणी लढवायची याचा निकष निवडणुकीच्या किमान वर्षभर आधी ठरवावा. तीन, मोठ्या पक्षांशी बोलणी एकट्याने करू नयेत, आणि झालेल्या बोलण्याचा वृत्तान्त कमिटीपुढे ठेवावा. चार, वाद झाला तर दोन्ही बाजूंच्या समान सदस्यांच्या समितीचा निर्णय बंधनकारक मानावा. आपली छोटी संस्थासुद्धा सर्वसाधारण सभा घेते, हिशेब तपासून घेते आणि धर्मादाय आयुक्तांकडे सादर करते. जो पक्ष आपल्याकडे मत मागतो त्याच्याकडे एवढी शिस्त मागणे हा अपराध नव्हे.

आणि ती मागणी करायची आपणच. वर्गणीची पावती, मंडपाची जागा, मिरवणुकीतली पावले आणि शेवटी मत, एवढे सर्व आपल्या हातात आहे. कोसंबीच्या उपासकांजवळ यापेक्षा अधिक काही नव्हते.

विद्यार्थ्यांनी विचार करावा असे प्रश्न

१. १९५९ च्या वादात तुम्ही समितीवर असता तर दोन्ही बाजूंचे कोणते म्हणणे मान्य केले असते?
२. १९९६ आणि १९९८ या दोन्ही वेळी ऐक्य होते. मग निकालात एवढा फरक का पडला?
३. वज्जींच्या सात नियमांपैकी कोणते नियम आपल्या वस्तीतील मंडळात पाळले जातात? कोणते जात नाहीत?
४. वर दिलेल्या वॉर्डाच्या उदाहरणात तीन गट झाले तर सौदा कसा होईल? आकडे मांडून दाखवा.

या प्रश्नांवर एखाद्या रविवारी वंदनेनंतर विहारात बसून चर्चा करावी, अशी विनंती आहे. आमच्या विहारावर आता स्लॅब आहे. पावसात सतरंजी गुंडाळावी लागत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!